खायचा रंग: कुठला चालतो, कशात चालतो, किती चालतो

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते, कारण अर्धे वाद ह्याच एका गोष्टीवरून होतात. किराणा दुकानात 'फूड कलर' म्हणून जी छोटी डबी मिळते ना, ती कायदेशीर आहे, तिच्यावर एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा) नंबर आहे, तरीपण ती कशातही घातलेली चालते असं अजिबात नाहीये. लायसन्स खिशात आहे म्हणून कुणी फुटपाथवरून गाडी नेऊ शकत नाही, तसंच आहे हे. आपला कायदा रंगाच्या बाबतीत तीन गोष्टी विचारतो, रंग कुठला, तो कशात घातला आणि किती घातला, आणि तिन्हींपैकी एक जरी चुकली तरी पदार्थ नियमात बसत नाही. आपण लोक पहिल्यावरच थांबतो. 'अहो ताई, खायचाच रंग आहे' एवढं बोलून गाडीवाला मोकळा होतो आणि आपणही प्लेट घेऊन मोकळे होतो.

तर हे तिन्ही स्वतःचं स्वतः कसं तपासायचं ते खाली लिहितेय, विकत घेऊन खाणाऱ्यांसाठी पण आणि घरून फराळ, केक, जिलेबी करून विकणाऱ्यांसाठी पण. फक्त सिंथेटिक रंगांबद्दल आहे हां सगळं, अजिनोमोटो, प्रिझर्व्हेटिव्ह हे वेगळे विषय, त्यात आत्ता शिरत नाही.

पाकीट उलटं करा आणि नंबर वाचा

पुढची बाजू वाचूच नका, तिथे फळांचे फोटो असतात. मागे बारीक अक्षरात इन्ग्रेडियंट्स असतात तिथे 'कलर' हा शब्द शोधा, त्याच्यापुढे कंसात एकतर रंगाचं नाव असतं नाहीतर आयएनएस नंबर, म्हणजे त्या रंगाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचा, डोळ्यांना त्रास नको. आणि त्याच लेबलवर कुठेतरी कॅपिटल अक्षरात एक वाक्य असायलाच लागतं, 'कंटेन्स परमिटेड सिंथेटिक फूड कलर' किंवा 'परमिटेड नॅचरल कलर'. हे वाक्य म्हणजे कंपनीने मनाचा मोठेपणा दाखवून लिहिलेलं नसतं, बंधनकारक असतं ते.

२०११ साली अन्न सुरक्षा कायद्याखालचे जे नियम लागू झाले त्यात आठ सिंथेटिक रंगांची नावं आहेत. आठच आहेत म्हणून पाठ पण होतात. पिवळ्यात टार्ट्राझीन १०२ आणि सनसेट येलो ११०, हा दुसरा दिसायला केशरी असतो. लालमध्ये कार्मोइसिन १२२, पोन्सो फोर आर १२४ आणि एरिथ्रोसिन १२७. निळ्यात इंडिगो कार्माइन १३२ आणि ब्रिलियंट ब्लू १३३. हिरव्यात फास्ट ग्रीन १४३. आता समजा मुलांच्या जेलीच्या पाकिटावर '१०२, १२४, १३३' असं लिहिलंय तर सरळ अर्थ लावा, पिवळा, लाल, निळा. मग आतली हिरवी जेली कुठून आली? पिवळ्यात निळा मिसळून. आणि जांभळी लाल-निळ्यातून. एवढं जमलं की पाकीट वाचायला मजा यायला लागते, खरंच सांगते, आमच्या घरी आता मुलंच दुकानात पाकीट उलटं करून नंबर ओरडतात आणि दुकानदार वैतागतो.

इथे एक गैरसमज. शंभर ते एकशे नव्व्याण्णवमधले नंबर म्हणजे रंग हे बरोबर, पण सगळे सिंथेटिक नाहीत. १०० म्हणजे हळदीतला करक्युमिन, १६०सी म्हणजे लाल मिरचीचा अर्क, १६२ म्हणजे बीट, १५०ए ते १५०डी म्हणजे कॅरॅमल. नंबर दिसला की 'बापरे केमिकल' करून पाकीट टाकायचं कारण नाही. हे नंबर कोडेक्सने दिलेले आहेत, जगभर एकाच पदार्थाला एकाच नंबराने ओळखता यावं म्हणून. कोडेक्स म्हणजे एफएओ (अन्न आणि शेती) आणि डब्ल्यूएचओ (आरोग्य) ह्या दोन जागतिक संस्थांनी १९६३ मध्ये सुरू केलेली व्यवस्था. युरोपात त्याच नंबराच्या आधी 'ई' लावतात. 'ई नंबर म्हणजे डुकराची चरबी' असा जो मेसेज फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी फिरतो ना, तो कृपया पुढे पाठवू नका. शाकाहारी असाल तर रंगांमध्ये बघायचा नंबर म्हणजे १२०, कार्माइन, तो किड्यापासून काढतात.

बाहेरदेशी असणाऱ्यांसाठी, अमेरिकेत हे नंबर दिसणार नाहीत, तिथे 'येलो ५' म्हणजे आपला टार्ट्राझीन, 'येलो ६' म्हणजे सनसेट येलो आणि 'रेड ३' म्हणजे एरिथ्रोसिन. ह्या रेड ३ चं पुढे सांगते, भानगड आहे त्याची.

आता आठमध्ये काय नाही ते बघा, कारण खरा धोका तिथे आहे. रोडामाइन बी, मेटॅनिल येलो, ऑरामाइन, मॅलाकाइट ग्रीन, सुदान नावाचे लाल रंग. हे सगळे कापड, कागद, चामडं, मेण असल्या कामाचे रंग. स्वस्त पडतात, चिमूटभरात भडक होतात आणि उन्हात-तेलात टिकतात, म्हणून घालतात, दुसरं कारण नाही. पाकिटावर ह्यांचं नाव कधीच सापडणार नाही, अर्थातच. हे सापडतात सुट्या मालात, म्हणून लेबल वाचण्याची विद्या सुट्या मालाला उपयोगाची नाही आणि तिथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

कशात घातलाय ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. २०११ च्या नियमात भाषा उलटी आहे. 'ह्या ह्या पदार्थात रंग घालू नका' असं नाही लिहिलेलं, तर 'कशातच घालू नका, फक्त एवढे सोडून' असं लिहिलंय, आणि मग यादी आहे. आइस्क्रीम, फ्लेवर्ड मिल्क, बिस्किटं, केक, पेस्ट्री, गोळ्या-चॉकलेटं, मिठाई, जॅम, जेली, मुरवलेली फळं (टुटीफ्रुटी आली त्यात), सरबतं, सिरप, कोल्ड्रिंक, कस्टर्ड पावडर, आइस कँडी असं. नंतर एफएसएसएआयने ह्याचे प्रकारवार मोठे तक्ते केले, त्यात भर पडली, बदल झाले, पण विचार तोच राहिला, यादीत असेल तर हो, नसेल तर नाही.

मजा म्हणजे फरसाणाच्या बाबतीत २०११ च्या त्या यादीत मोजून पाच नावं आहेत, दालमोठ, मोंगिया, फूलगुलाब, साबुदाण्याचे पापड आणि दालबिजी. आपली शेव त्यात नाही. भावनगरी नाही, चिवडा नाही. मग ती नारिंगी भडक शेव कशी काय दिसते दुकानात, हा प्रश्न तुम्ही विचारा, मी कितीदा विचारलाय.

मसाले नाहीत. हळद नाही, तिखट नाही. डाळी नाहीत, चहा पावडर नाही, भाज्या नाहीत, मटार नाहीत (हवाबंद डब्यातले वेगळे). आणि शिजवून लगेच खायचे पदार्थ, म्हणजे हॉटेलात किंवा गाडीवर जे ताटात पडतं ते, त्यात पण नाही. म्हणजे तंदुरी, कबाब, शेजवान राईस, पावभाजीचा तो लालभडक तवा, आणि मंचुरियन.

मंचुरियनवरून २०२४ मध्ये दोन ठिकाणी चांगलीच पेटली होती. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदी घातली, रंग आणि अस्वच्छता ही कारणं देऊन. गोव्यातल्या जत्रेला गेलेल्यांना माहितेय, फेरीत खाज्यांच्या दुकानांच्या बरोबरीने गोबीचे स्टॉल असतात. मग मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगावर आणि रंगीत कॉटन कँडीवर बंदी आणली, जूनमध्ये कबाबमधल्या कृत्रिम रंगावर. पण तिथल्या तपासणीत काय निघालं ते जास्त महत्त्वाचं. गोबीमध्ये टार्ट्राझीन, सनसेट येलो, कार्मोइसिन अशी नावं निघाली, म्हणजे तिन्ही आपल्या आठच्या यादीतले, खायचेच रंग! रंग बरोबर, पदार्थ चुकीचा. आणि कॉटन कँडीचं नेमकं उलटं. म्हातारीचे केस म्हणतो आपण ते, ते २०११ च्या यादीत 'थ्रेड कँडी' म्हणून चक्क आहेत, त्यात रंग घालायला परवानगी आहे, पण तिथे गुलाबी रंगासाठी रोडामाइन बी सापडला, म्हणजे पदार्थ बरोबर, रंग चुकीचा. पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, त्याच कारणाने कॉटन कँडीवर बंदी घातली होती. दोन्ही गुन्हेच, पण वेगवेगळे, आणि लोक दोन्हीला सरसकट 'भेसळ' म्हणून सोडून देतात.

तर गाडीवर उभं राहिल्यावर करायचं काय? भांड्याच्या कडा बघा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, तवंग नारिंगी-लाल दिसतो. पाण्यात विरघळणारा सिंथेटिक रंग कोबीच्या आत, भाताच्या दाण्यात शिरतो, टिश्यू पेपरवर गुलाबी डाग पडतो, हाताला लागलेला साबणाने एका धुण्यात जात नाही. हा काही पुरावा नाही, पण दुसरी प्लेट घ्यायची का नाही ठरवायला पुरतो. आणि सरळ विचारा ना, 'दादा, बिनरंगाचं मिळेल का?' बरेच जण देतात, फक्त मागणारं गिऱ्हाईक नसतं म्हणून तसं ठेवत नाहीत.

किती, हे गणित एकदा करून बघाच

जिथे परवानगी आहे तिथे साधारण मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे तयार पदार्थाच्या एका किलोला १०० मिलिग्रॅम रंग. दोन-तीन रंग मिसळले तरी बेरीज शंभरच, प्रत्येकी शंभर नव्हे. काही पदार्थांना मर्यादा वेगळी आहे, कमी-जास्त, पण शंभर धरून चालायला हरकत नाही.

आता १०० मिलिग्रॅम म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणा. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा असतो ना, त्यावर कोरड्या रंगाची चिमूट टाकून बघा, चिमटी ज्याची त्याची वेगळी पण पाव ग्रॅमच्या आसपास सहज भरते. पाव ग्रॅम म्हणजे २५० मिलिग्रॅम. म्हणजे एका किलोला 'फक्त एक चिमूट' घातली तरी, पावडर निव्वळ रंगाची असेल तर, तुम्ही मर्यादेच्या अडीचपट गेलात. रेसिपीच्या व्हिडिओत ताई हसत हसत 'चिमूटभर रंग' म्हणतात ते अर्धा किलोच्या बॅचला!

म्हणून जे विकतात त्यांनी चिमूट बंद करा आणि द्रावण वापरा. १ ग्रॅम रंग काट्यावर मोजून घ्या, १०० मिलि उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा, स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा, वर तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा आणि थोडं थोडंच करत जा, फार दिवस साठवू नका. ह्या द्रावणाच्या १ मिलित १० मिलिग्रॅम रंग असतो. औषधाच्या बाटलीबरोबर ५ मिलिचं झाकण येतं, ते एक झाकण एका किलोला घातलं की ५० पीपीएम, मर्यादेच्या निम्मं, आणि रंग बऱ्यापैकी खुलतो तेवढ्यात. दोन झाकणं म्हणजे हद्द, त्याच्या पुढे नाही. डबीवर 'टोटल डाय कंटेंट' असं टक्क्यांत लिहिलेलं असेल तर तुमची पावडर निव्वळ रंग नाहीये, मीठ-साखर मिसळून पातळ केलेली आहे, पावडरीच्या वजनाला त्या टक्क्याने गुणलं की निव्वळ रंग किती ते कळतं. काहीच लिहिलं नसेल तर शंभर टक्के रंग आहे असं धरा, म्हणजे चूक झाली तरी कमी घातला जाईल.

पण किलो कुठलं धरायचं? तयार पदार्थाचं. इथे मिठाईवाले घसरतात. समजा बर्फीसाठी दूध आटवताय आणि रंग दुधातच घातलात, एका लिटरच्या हिशोबाने. त्या लिटरचा खवा होतो साधारण २०० ग्रॅम. पाणी उडून जातं, रंग कुठे जात नाही. म्हणजे दुधात ५० पीपीएम होता तो खव्यात २५० झाला (साखर मिसळल्यावर थोडा उतरेल पण तरी मर्यादेच्या वरच). म्हणून आटवायच्या पदार्थात रंग शेवटी, वजन कळल्यावर. गुढीपाडव्याच्या रंगीत गाठींचंही तेच, पाकात पाणी किती आहे त्यावर जाऊ नका, तयार माळेचं वजन करा. जिलेबी उलट आहे, ती पाक पिते आणि वजन वाढतं, तिथे कोरड्या मैद्याच्या वजनावर हिशोब केला तर आपोआप सेफ साइडला राहता.

रंग विकत घेताना सुटा, पुडीत बांधलेला, 'जिलेबीचा रंग द्या' म्हटल्यावर डब्यातून काढून दिलेला घेऊ नका. लेबल, रंगाचं नाव, लायसन्स नंबर, बॅच नंबर नसेल तर तो आठमधला आहे हे तुम्ही उद्या अधिकाऱ्याला कशावरून सांगणार? आणि बिल जपून ठेवा, ते तुमच्याच कामाचं आहे.

मुलांचं काय

इथे एडीआय नावाची गोष्ट कळायला हवी. एडीआय म्हणजे एखादा पदार्थ आयुष्यभर रोज खाल्ला तरी त्रास होऊ नये असं मानलेलं प्रमाण, माणसाच्या दर किलो वजनाला इतके मिलिग्रॅम असं. एक दिवस ओलांडलं म्हणजे विषबाधा झाली असं नसतं, घाबरून जाऊ नका, आणि रोज ओलांडत असाल तर निर्धास्त पण राहू नका.

१५ किलोचं मूल घ्या. टार्ट्राझीनचा युरोपातला एडीआय ७.५, म्हणजे ह्या मुलाला दिवसाला साधारण ११२ मिलिग्रॅम. १०० पीपीएमच्या मिठाईने तिथे पोचायला किलोभराहून जास्त मिठाई लागेल, पोटच आधी दुखेल. सनसेट येलोचा ४, म्हणजे ६० मिलिग्रॅम, ६०० ग्रॅम मिठाई. ठीक. पण एरिथ्रोसिनचा एडीआय आहे ०.१, म्हणजे ह्या मुलाला दिवसाला दीड मिलिग्रॅम. १०० पीपीएमने रंगवलेल्या पदार्थाचे १५ ग्रॅम खाल्ले की संपलं! १५ ग्रॅम म्हणजे लालभडक चेरीचे चार-पाच दाणे. युरोपात म्हणूनच हा रंग जवळजवळ फक्त चेरीपुरताच ठेवलाय. आणि अमेरिकेत एफडीएने (तिथल्या अन्न-औषध खात्याने) जानेवारी २०२५ मध्ये ह्याची खाण्यातली परवानगीच काढली, कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. कारण नर उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या. तो परिणाम ज्या मार्गाने होतो तो माणसात तसा होत नाही असं एफडीएच म्हणते, पण त्यांच्याकडे १९५८ पासून डेलानी क्लॉज आहे, प्राण्यात किंवा माणसात कॅन्सर दिसला की ॲडिटिव्ह बाद, प्रमाण-बिमाण बघायचं नाही. गंमत म्हणजे लिपस्टिकसारख्या सौंदर्यप्रसाधनांतून हाच रंग त्यांनी १९९० मध्येच काढला होता आणि गोळ्या-चॉकलेटात पुढची पस्तीस वर्षं चालू ठेवला. तर १२७ हा नंबर मात्र लक्षात ठेवा, लहान मुलांच्या बाबतीत मी तरी हा टाळते.

मुलं रंगाने चेकाळतात का? २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला, रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह दिलं, तर काही मुलांमध्ये चंचलपणा वाढलेला दिसला. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने पुरावा तोकडा आहे म्हटलं, तरी युरोपने जुलै २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटावर 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाचं वाक्य छापायला लावलं. त्या सहामधले चार आपल्या आठमध्ये आहेत, १०२, ११०, १२२, १२४. आपल्याकडे तसं वाक्य छापावं लागत नाही. वाढदिवसाच्या पार्टीत मुलं नाचतात ती रंगाने का साखरेने का शेजारच्या मुलाला बघून हे मला विचारू नका, पण ज्यांना दमा आहे किंवा अंगावर पित्त उठतं त्यांनी १०२ खरंच तपासावा, थोड्या लोकांना त्याने त्रास होतो हे डॉक्टर पण सांगतात.

घरगुती टेस्ट, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

एफएसएसएआयचं 'डार्ट' नावाचं पुस्तक आहे, फुकट डाउनलोड होतं, त्यात सोप्या टेस्ट आहेत. मटार पाण्यात टाकून अर्धा तास ठेवा, पाणी हिरवं झालं तर रंग लावलेला आहे. रताळ्याच्या सालीवर तेलात बुडवलेला कापूस चोळा, कापूस गुलाबी-लाल झाला तर रोडामाइन बीची शंका. तिखट ग्लासातल्या पाण्यावर वरून सोडा, पाण्यात विरघळणारा रंग असेल तर रेघा काढत लगेच खाली उतरतो. हळद पाण्यात टाका, शुद्ध असेल तर खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, पाणी दाट पिवळं झालं तर शंका घ्या.

आता ह्यातली मेख. सुदान रंग पाण्यात विरघळतच नाहीत, ते तेलातले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो प्रॉडक्ट दुकानांतून परत मागवली गेली होती, कारण त्या सगळ्यांत वापरलेल्या एका सॉसमध्ये भारतातून गेलेली मिरची पावडर होती आणि तिच्यात सुदान १ निघाला. ती पावडर ग्लासातल्या पाण्याच्या टेस्टमध्ये आरामात पास झाली असती. हळदीत लेड क्रोमेट घालतात, म्हणजे शिसं, तो पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून टेस्ट फेल झाली तर माल फेका, पण पास झाली म्हणून सर्टिफिकेट मिळालं असं समजू नका. आणि पुस्तकात ॲसिड वापरायच्या टेस्ट पण आहेत, त्या घरी स्वयंपाकघरात करू नका, मुलं असतात. हळकुंडं आणून दळून घ्या, ब्याडगी-संकेश्वरी आणून कांडपाला द्या, हा टेस्टपेक्षा भारी उपाय आहे.

तक्रार करायची असेल तर

बिल घ्या. जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआय नंबर छापणं बंधनकारक आहे, चौदा आकडी असतो, १ ने सुरू झाला तर लायसन्स, २ ने सुरू झाला तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन. तो नंबर फॉसकॉस ह्या एफएसएसएआयच्या लायसन्सच्या वेबसाइटवर टाकून खरा आहे का, चालू आहे का बघता येतं. गाडीवर बिल मिळणार नाही, तिथे जागा, वेळ आणि गाडीवर लावलेल्या रजिस्ट्रेशनच्या कागदाचा फोटो काढा. मग 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार टाका, किंवा एफएसएसएआयचा टोल फ्री १८००११२१००, महाराष्ट्रात राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) १८००२२२३६५. तक्रारीत 'भेसळ आहे' असं मोघम लिहू नका. 'मंचुरियन ह्या शिजवलेल्या पदार्थात सिंथेटिक रंग वापरल्याची शंका आहे, ह्या पत्त्यावर, संध्याकाळी सात ते दहा गाडी लागते' असं लिहा, कारण अधिकाऱ्याला तिथे जाऊन सॅम्पल घ्यायचं असतं आणि सकाळी अकराला तो गेला तर तिथे मोकळा फुटपाथ असतो.

सॅम्पल कायद्याप्रमाणे चार भागांत घेतात, एक भाग अन्न विश्लेषकाकडे (म्हणजे प्रयोगशाळेत तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि त्याने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. तुम्ही अर्धी खाल्लेली प्लेट घेऊन गेलात तर तिच्यावर केस उभी राहत नाही. पदार्थ कमी दर्जाचा निघाला तर पाच लाखांपर्यंत दंड, लेबल खोटं असेल तर तीन लाखांपर्यंत, आणि असुरक्षित ठरला तर तुरुंग पण आहे, खाऊन कुणाचा जीव गेला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप.

आणि हे बहुतेकांना माहीत नसतं, कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, त्यालाही १४ दिवसांत रिपोर्ट मिळतो. फक्त अट अशी की घेतानाच दुकानदाराला सांगायचं, 'मी हे तपासायला देणार आहे'. रिपोर्ट दुकानदाराच्या विरोधात गेला तर भरलेली फी परत मिळते. पूर्ण प्रोसेस करायची तयारी नसेल तरी हरकत नाही, पण मिठाईच्या दुकानात केशरी बुंदीकडे बोट दाखवून हे वाक्य नुसतं शांतपणे म्हणून बघा, समोरचा मालक तुम्हाला कुठली बुंदी बांधून देतो ते बघण्यासारखं असतं.